परवान्याचा प्रश्न कुणाला विचारायचा?

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर ठाऊक नाही असा संगणक वापरणारा माणूस विरळाच. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे ते चिन्ह सायबर कॅफेपासून लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या स्टुडिओपर्यंत सगळीकडे दिसते. सप्टेंबर २०१० मध्ये हा प्लेयर ॲपलच्या ॲप स्टोअरवर आला आणि जानेवारी २०११ मध्ये तिथून नाहीसा झाला. त्यात ना काही बिघाड होता, ना व्हायरस. व्हीएलसी लिहिणाऱ्यांपैकीच एक असलेल्या रेमी देनी-कूरमों यांनी ॲपलकडे तक्रार केली होती. या कोडचा परवाना जीपीएल आवृत्ती २ आहे; कोड पुढे देताना घेणाऱ्यावर जादा बंधने घालायची नाहीत, असे तो परवाना बजावतो; आणि ॲप स्टोअरच्या अटींत तर बंधनांचीच भरती, असे त्यांचे म्हणणे. ॲपलने वाद घालण्यात वेळ न घालवता ॲप काढून टाकले. मग व्हीएलसीच्या मंडळींनी जुन्यानव्या शेकडो सहकाऱ्यांना गाठून, त्यांची संमती मिळवून, प्लेयरच्या इंजिनाचा परवाना सैल केला. जुलै २०१३ मध्ये व्हीएलसी आयफोनवर परतला.

आता हाच पेच एखाद्या विद्यार्थ्यापुढे आला असे धरू. ‘जीपीएलखालचा कोड वापरून ॲप केले, तर ते ॲप स्टोअरवर टाकता येईल का?’ प्रश्न दोन ओळींचा आहे, प्रामाणिक आहे. पण तो तांत्रिक म्हणायचा की कायद्याचा? उत्तर द्यायला परवान्याचा मजकूर वाचावा लागतो, स्टोअरच्या अटी वाचाव्या लागतात, आणि ॲप फोनवर प्रत्यक्षात कसे पोचते, त्याला कुठले कुलूप लागते, हेही माहीत असावे लागते. पहिल्या दोन गोष्टी वकिलाच्या, तिसरी प्रोग्रामरची. प्रोग्रामर मंडळी जिथे रोज एकमेकांच्या अडचणी सोडवतात त्या मदतमंचांवर असा प्रश्न विचारू द्यावा की नाही, यावर बरीच वर्षे खल चालू आहे आणि अजून एकमत नाही.

यातला सगळ्यात मोठा मंच स्टॅक ओव्हरफ्लो. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये तो सुरू केला. सुरुवातीच्या काळात परवान्यांचे प्रश्न तिथे खपून गेले. काहींना भरघोस मतेही पडली. पुढे नियम आवळले गेले. प्रश्न कोडविषयीच हवा, कॉपीराइट आणि लायसन्सिंगचे प्रश्न विषयाबाहेरचे, असे ठरले. मग असे प्रश्न ‘प्रोग्रामर्स’ या धाकट्या मंचाकडे जाऊ लागले आणि काही वर्षांनी तिथेही नाके मुरडली जाऊ लागली. अखेर २०१५ मध्ये त्याच कुटुंबात दोन नवे मंच निघाले, एक कायद्यासाठी आणि एक केवळ मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रश्नांसाठी. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ‘सर्व्हर फॉल्ट’ने सर्वांत सोपी वाट धरली. परवान्याचा कुठलाही प्रश्न आला की तो बंद करायचा आणि एका कायमस्वरूपी उत्तराकडे बोट दाखवायचे. त्या उत्तराचा सारांश एवढाच, की ज्याने सॉफ्टवेअर विकले त्याला विचारा.

डेबियन या लिनक्स प्रकल्पात मात्र याच्या नेमके उलट चित्र दिसते. तिथे परवान्यांचा कीस काढणारा वेगळा गटच आहे आणि त्यात बिनवकिली मंडळींचा भरणा मोठा. त्यांनी परवाने तपासायला काही मजेदार कसोट्या तयार केल्या. पहिली ओसाड बेटाची. सौरऊर्जेवर चालणारा संगणक घेऊन माणूस बेटावर अडकला आहे. कोडमधले बदल मूळ लेखकाला कळवणे परवान्याने सक्तीचे केले असेल, तर तो बिचारा आपोआप गुन्हेगार ठरतो, म्हणून असा परवाना मुक्त नव्हे. दुसरी बंडखोराची. जुलमी राजवटीखाली राहणाऱ्याला आपली ओळख उघड केल्याशिवाय बदललेला कोड मित्राला देता आला पाहिजे. तिसरीत अशी कल्पना करायची की मूळ लेखकाला उद्या एखाद्या दुष्ट कंपनीने विकत घेतले; तरीही आधी दिलेला हक्क काढून घेता येता कामा नये. या कसोट्या कुठल्या विधी महाविद्यालयात जन्मल्या नाहीत, पण मुक्त परवान्यांवर बोलणारे लोक आजही त्या भाषेत बोलतात. या गटाचे मत प्रकल्पावर बंधनकारक नसते, निर्णय पॅकेज स्वीकारणारे घेतात, ही गोष्टही लक्षात ठेवावी लागते.

बंदीच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो कायद्याचा. वकिली न शिकलेल्याने कायद्याचा सल्ला देणे हाच गुन्हा झाला तर? ही भीती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९९९ साली एका केंद्रीय न्यायालयाने ‘क्विकन फॅमिली लॉयर’ या सॉफ्टवेअरची विक्री रोखली. मृत्युपत्र, भाडेकरार वगैरे तयार करून देणारा तो प्रोग्राम. तो म्हणजे परवान्याशिवाय केलेली वकिली आहे, असे न्यायालयाने ठरवले. यावर गदारोळ झाला आणि त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा बदलला. हे सॉफ्टवेअर वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही, असे ठळक लिहिले असले की ती वकिली ठरणार नाही. पाठोपाठ अपील न्यायालयाने तो मनाई हुकूमही उठवला. इंटरनेटवर परवान्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण आधी ‘मी वकील नाही, पण’ असे म्हणून घेतो, ती सवय याच भीतीतून आली आहे.

भारतात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात वेगळ्या वाटेने आला. परदेशी लॉ फर्मना इथे कचेऱ्या थाटता येतील का, या वादात डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभे राहणे नव्हे. कायदेशीर मत देणे आणि दस्तऐवज तयार करणे हीसुद्धा वकिलीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ उचलून धरला. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर भारतातला नियम ऐकायला कडकच आहे. जर्मनीत १९३५ च्या कायद्याने फुकट सल्ल्यावरही बंदी होती. २००८ च्या नव्या कायद्याने ती सैल झाली, तरी घरच्या किंवा जवळच्या माणसांपलीकडे फुकट सल्ला द्यायचा तर जाणकाराची देखरेख हवी. इंग्लंडमध्ये मात्र नुसता कायदेशीर सल्ला कुणीही देऊ शकतो. कोर्टात बाजू मांडण्यासारखी मोजकीच कामे राखीव आहेत.

या सगळ्यात कामाची फोड जर्मन कायद्याने केली आहे. एखाद्या विशिष्ट माणसाच्या विशिष्ट प्रकरणाची तपासणी झाली तर ती विधिसेवा. सर्वसाधारण माहिती दिली तर नाही. ‘जीपीएलचे सहावे कलम काय म्हणते?’ हा प्रश्न माहितीचा. ‘माझ्या कंपनीने अमुक ग्राहकाशी तमुक करार केला आहे, त्यात ही लायब्ररी वापरली तर आम्ही अडकू का?’ हा वकिलाचा. पण प्रत्यक्षात आलेले बहुतेक प्रश्न या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात असतात, आणि एवढ्यासाठी सगळ्या पट्ट्यालाच कुंपण घालणे हे सावधपणापेक्षा आळसाचे लक्षण जास्त वाटते.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. उत्तरे चुकतात. २०१७ मध्ये काही संशोधकांनी प्रोग्रामरना परवाने कितपत कळतात याची पाहणी प्रसिद्ध केली. ३७५ जणांना जीपीएल, एलजीपीएल आणि मोझिलाचा परवाना अशा तिन्हींवर बेतलेले ४२ प्रसंग देण्यात आले आणि त्यांची उत्तरे एका कायदेतज्ज्ञाच्या उत्तरांशी ताडून पाहिली. ६२ टक्के प्रसंगांतच दोन्ही जुळली. एकेकटा परवाना लोकांना बऱ्यापैकी कळत होता. दोन परवाने एकाच प्रकल्पात एकत्र आले की गोंधळ सुरू व्हायचा. वर्गात ६२ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी, पण कंपनीचे उत्पादन बाजारात उतरवताना एवढ्यावर कुणी विसंबणार नाही.

मदतमंचावर यात आणखी एक दोष मिसळतो, तो मतदानाचा. कोडचे उत्तर चुकीचे असेल तर वाचणारा ते चालवून पाहतो आणि दोन मिनिटांत फटकन् कळते. परवान्याचे उत्तर चालवून पाहता येत नाही. ते चुकले हे कळेपर्यंत पाच वर्षे जातात आणि कळवणारा सहसा समोरच्याचा वकील असतो. त्यामुळे मते पडतात ती आवडत्या उत्तराला. ‘तुम्ही कोड वितरित करत नाही, फक्त सर्व्हरवर चालवता, मग जीपीएलची काळजी नको’ हे वाक्य जीपीएलपुरते बरोबरच आहे. पण २००७ मध्ये आलेल्या एजीपीएलचा जन्मच ही पळवाट बुजवण्यासाठी झाला. बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स द्यावा लागतो. गूगलने तर एजीपीएलखालचा कोड आपल्याकडे वापरायचाच नाही, असा जाहीर नियम केला आहे. नावात एका अक्षराचा फरक आणि घाईने वाचणाऱ्याचे उत्तर उलटे.

तिसरा मुद्दा शिळेपणाचा. सर्व्हर फॉल्टच्या मंडळींचा खरा त्रास तोच आहे आणि त्यांची बाजू समजून घ्यायची तर जावाचे उदाहरण पुरेसे आहे. ‘ओरॅकलची जावा धंद्यासाठी फुकट वापरता येते का?’ एप्रिल २०१९ पर्यंत जावा ८ ची नवी आवृत्ती कंपन्या निर्धास्तपणे उतरवून घेत. त्या महिन्यात परवाना बदलला आणि पुढच्या आवृत्त्यांना कंपन्यांकडून पैसे मागितले जाऊ लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये जावा १७ आली, ती पुन्हा फुकट, पण ठरावीक मुदतीपुरतीच. जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलने वर्गणीचा हिशेबच पालटला. जावा किती यंत्रांवर चालते याला महत्त्व उरले नाही, कंपनीत एकूण माणसे किती हे मोजायचे, कंत्राटी माणसांसकट. सुरुवातीचा दर माणशी महिना १५ डॉलर. २०१८ साली कुणी दिलेले आणि शेकडो मते मिळालेले उत्तर २०२३ मध्ये वाचून एखाद्याने निर्णय घेतला, तर ते उत्तर नसल्यापेक्षा असलेले वाईट. विंडोज सर्व्हरचेही तसेच. २०१६ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरऐवजी कोअर मोजायला लागले आणि आधीच्या सगळ्या गणितांवर बोळा फिरला.

शिवाय अशा प्रश्नांत मंचावरच्या उत्तराला कवडीचीही किंमत नसते. ऑडिट आले की विक्रेत्याचा माणूस करार काढतो. इंटरनेटवर अमुक तज्ज्ञ असे म्हणाला होता, ही सबब तिथे चालत नाही. विक्रेत्याने मात्र लेखी उत्तर दिले असेल तर ते फाइलला लावून दाखवता येते. तेव्हा विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरपुरती सर्व्हर फॉल्टची वाट शहाणपणाची आहे, यात फारसा वाद राहू नये.

पण हाच नियम उचलून मुक्तस्रोत परवान्यांना लावला जातो आणि इथे गफलत होते. जीपीएल आवृत्ती २ चा मजकूर जून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तीस-पस्तीस वर्षांनी तो शब्दशः तसाच आहे. जीपीएल ३ आणि अपाची २ हेही २००७ आणि २००४ पासून जसेच्या तसे. मजकूर सगळ्यांसमोर आहे, तो लिहिणाऱ्या संस्थेने स्वतःची लांबलचक प्रश्नोत्तरे प्रसिद्ध केली आहेत, आणि एक चांगले उत्तर लाखो प्रकल्पांना एकाच वेळी उपयोगी पडते. ‘विक्रेत्याला विचारा’ हा उपायही इथे लागू पडत नाही, कारण विक्रेताच नसतो. दहा देशांतले तीनशे लेखक असतात, त्यातले काही आता ईमेलला उत्तरही देत नाहीत. तेव्हा मंचांनी प्रश्न कायद्याचा की तंत्राचा, अशी वाटणी करत बसण्यापेक्षा दोनच गोष्टी विचाराव्यात. ज्या मजकुराविषयी प्रश्न आहे तो कायम आणि सर्वांपुढे आहे का? आणि त्याचा अधिकृत अर्थ सांगणारा दुसरा कुणी एकच धनी आहे का? पहिल्याचे उत्तर हो आणि दुसऱ्याचे नाही, असे असेल तर प्रश्न मंचावर असायलाच हवा.

या कसोटीला अपवाद निघतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी-शून्य हा दस्तऐवज २००९ चा; सगळे कॉपीराइट हक्क सोडून देणारा, म्हणून लोकप्रिय. त्यात पेटंटचे हक्क सोडलेले नाहीत, असे स्पष्ट लिहिले आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाने बरीच वर्षे त्याखालचा कोड बिनदिक्कत घेतला आणि जुलै २०२२ मध्ये जाहीर केले की यापुढे कोडसाठी तो चालणार नाही, मजकूर किंवा चित्रांसाठी चालेल. मजकुरातले एक अक्षर बदलले नव्हते. पेटंटच्या धोक्याकडे पाहण्याची नजर बदलली होती. पण हा बदल उघड चर्चेत झाला आणि कारणासकट झाला, म्हणून तो इतरांच्याही कामी आला.

दुसरी अडचण देशागणिक कायदा बदलण्याची, आणि तिचे सर्वांत रंजक उदाहरण भारतातलेच आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे ‘साहित्यकृती’त मोडतात. त्या कायद्याचे कलम १९ सांगते की हक्क दुसऱ्याच्या नावे करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच समजायचा. कलम ३०-अ हाच नियम, ‘आवश्यक त्या फेरफारांसह’, परवान्यांनाही लावते. हेतू भला होता. लेखक-कलावंतांनी भोळेपणाने कायमचे हक्क देऊन टाकू नयेत, म्हणून ही तरतूद. आता जगातला बहुधा सर्वांत आवडता परवाना, एमआयटी, घ्या. तो जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे आणि त्यात मुदतीचा उल्लेख नाही, प्रदेशाचाही नाही. मग पुण्यात कुणी एमआयटीखाली दिलेला कोड भारतीय कायद्याच्या नजरेत पाच वर्षांनी परत मालकाकडे जातो का? अपाचीने ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आधीच घालून ठेवल्याने त्याला ही धास्ती नाही. ‘आवश्यक त्या फेरफारांसह’ या शब्दांत वकिलांना वाद घालायला ऐसपैस जागा आहे. अमेरिकी प्रोग्रामरच्या स्वप्नातही हा प्रश्न येणार नाही. तो भारतीय प्रोग्रामरनेच विचारायला हवा, आणि मंचाने दार लावून घेतले तर तो विचारणार कुठे?

वकिलांकडे जा, असे म्हणणारे आणखी एक गोष्ट विसरतात. या क्षेत्रातला कायदा घडवण्यात तांत्रिक लोकांचा हात मोठा आहे. लिनक्सच्या कर्नलबरोबर लिनस टोरवाल्ड्स यांची एक छोटीशी टीप येते. नेहमीच्या सिस्टिम कॉलद्वारे कर्नलची सेवा घेणारे प्रोग्राम हे कर्नलचे व्युत्पन्न काम धरू नये, असे ती सांगते. लिनक्सवर चालणारे प्रत्येक व्यापारी सॉफ्टवेअर या टिपेच्या आधाराने निवांत आहे, आणि ती सिस्टिम कॉल म्हणजे काय हे ज्याला कळते त्यानेच लिहिली. लायब्ररी स्टॅटिक जोडली की डायनॅमिक, यावर एलजीपीएलची जबाबदारी कशी बदलते, हे समजायला वकिलाला इंजिनिअर शेजारी बसवून घ्यावा लागतो.

मुक्त परवान्यांना अमेरिकेत कोर्टाचे बळ मिळवून देणारा खटलाही एका हौशी माणसाचाच. रॉबर्ट जेकबसन हे बर्कलीतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांचा नाद. त्या गाड्या चालवणारा त्यांचा मुक्त कोड मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने लेखकांची नावे गाळून आपल्या उत्पादनात घातला. ‘फुकट दिलेल्या कोडच्या अटी मोडल्या तर फार तर करारभंग’, असा बचाव झाला आणि खालच्या न्यायालयाने तो मानलाही. ऑगस्ट २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. परवान्यातल्या अटी या खऱ्या अटी आहेत. त्या मोडणे हा कॉपीराइटचा भंग. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचा हक्क हलका होत नाही.

आणि ग्रोक्लॉ या संकेतस्थळाला विसरून चालणार नाही. लिनक्समध्ये आमचा युनिक्सचा कोड चोरला आहे, असा दावा करत एससीओ कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर खटला भरला, तेव्हा पामेला जोन्स या वकिलाच्या कचेरीत काम केलेल्या बाईंनी तिथे त्या खटल्याचे कागद जमवून उलगडायला सुरुवात केली. वाचक बहुतेक प्रोग्रामर. कोर्टात दाखल झालेले दस्तऐवज ते टंकित करत, जुन्या युनिक्सच्या प्रती माळ्यावरून काढून ओळीशी ओळ ताडत, वादीच्या विधानांतल्या विसंगती शोधत. दहा वर्षे हे चालले. युनिक्सचे हक्क मुळात एससीओचे नसून नोव्हेलचे आहेत, असे न्यायालयाने २००७ मध्ये आणि ज्यूरीने २०१० मध्ये सांगितले. ग्रोक्लॉवर सगळेच बरोबर असायचे असे नाही, पक्षपात तर उघड होता. पण प्रत्येक दाव्यामागे मूळ कागद जोडलेला असे. उत्तर देणाऱ्याकडे सनद आहे का, यापेक्षा त्याने कागद जोडला आहे का, हा नियम मदतमंचांना जास्त फलदायी ठरला असता. अपाची फाउंडेशनमध्ये साधारण असेच चालते. कोणते परवाने चालतील, कोणते अटींवर आणि कोणते अजिबात नाही, याच्या त्यांच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत. जुलै २०१७ मध्ये त्यांनी फेसबुकच्या रिॲक्ट या लायब्ररीचा पेटंटवाला परवाना नको असलेल्यांच्या यादीत टाकला. वर्डप्रेसनेही काढता पाय घ्यायची भाषा केली, आणि सप्टेंबर संपायच्या आत फेसबुकने रिॲक्ट साध्या एमआयटी परवान्याखाली आणले.

दार लावून घेतलेल्या मंचाच्या घरातच परवान्याचा सर्वांत मोठा गुंता आहे, हा या प्रकरणातला विनोद. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रत्येक मजकूर, कोडच्या तुकड्यांसकट, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश-समवाटप परवान्याखाली येतो. म्हणजे तिथून उचललेल्या कोडखाली लेखकाचे श्रेय द्यायला हवे आणि त्यावर उभारलेले कामही तशाच अटींवर द्यायला हवे. सेबास्टियन बाल्टेस आणि स्टेफान डील यांनी २०१८ मध्ये गिटहबवरच्या प्रकल्पांत असे तुकडे शोधले. ज्या प्रकल्पांत ते सापडले, त्यांपैकी परवान्याशी सुसंगत वापर फार तर १.८ टक्क्यांत दिसला. त्यांनी विचारलेल्या प्रोग्रामरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी श्रेय न देता कोड उचलल्याचे कबूल केले आणि दोन तृतीयांशांना असा काही परवाना आहे हेच माहीत नव्हते. कोडचे तुकडे एमआयटीखाली आणायचा प्रस्ताव मंचाने २०१५ च्या अखेरीस मांडला होता. वापरकर्त्यांनी तो धारेवर धरला आणि तो लांबणीवर पडला तो पडलाच. २०१९ मध्ये सगळा जुना मजकूर परवान्याच्या नव्या आवृत्तीखाली आणल्याचे परस्पर जाहीर झाले, तेव्हा लोकांनी विचारले की आम्ही लिहिलेल्याचा परवाना आम्हाला न विचारता कसा बदलला? शेवटी कोणत्या तारखेचा मजकूर कोणत्या आवृत्तीखाली, हे दाखवायची सोय करावी लागली.

महाराष्ट्रात हे प्रश्न केवळ हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत उठतात असे नाही. पूर्वी मराठी डीटीपीवाल्याचा परवाना म्हणजे संगणकाच्या पाठीमागे खुपसलेला डाँगल. तो हरवला की फॉन्ट गेला. आता मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली कुणालाही मिळतात. मग दिवाळी अंकाच्या मांडणीकाराला शंका येते की अंक या फॉन्टमध्ये लावला तर अंकही फुकट वाटावा लागेल का? नाही. फॉन्टमध्ये केलेल्या मजकुराला तो परवाना चिकटत नाही. पण एखाद्या मुक्त देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे काढून बदललेली फाइल पुढे द्यायची, तर ती त्याच परवान्याखाली द्यावी लागते, नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि मूळ लेखकाने नाव राखून ठेवले असेल तर नवे नावही शोधावे लागते. मजकूर कायम आहे, सर्वांपुढे आहे. असे उत्तर एकदा नीट लिहिले की वर्षानुवर्षे पुरते. यासाठी मांडणीकाराला बौद्धिक संपदेचा वकील गाठायला सांगणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे.

दलाल स्ट्रीटवर तर हे प्रश्न वाढणारच आहेत. सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेल्या सायबर सुरक्षेच्या चौकटीत सॉफ्टवेअर कोणकोणत्या घटकांचे बनले आहे याची यादी ठेवायला सांगितले. अशा याद्यांसाठी वापरला जाणारा एसपीडीएक्स हा नमुना २०२१ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात प्रत्येक घटकासमोर परवान्याचा रकाना असतो. तो रकाना भरायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी अशी लायब्ररी भेटते जिच्यात परवान्याची फाइलच नाही. परवाना नाही म्हणजे मोकळीक, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात सर्व हक्क राखीव असा त्याचा अर्थ. गिटहबने २०१५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तिथल्या २० टक्क्यांहूनही कमी प्रकल्पांना परवाना होता.

दरम्यान प्रश्नांनी नवी वाट शोधली आहे. चॅटजीपीटी आल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरे मंचावर टाकायला मनाई केली. उत्तरे दिसायला नेटकी, पण वारंवार चुकीची, हे कारण. पण परवान्याचा जो प्रश्न मंच बंद करतो तो आता सरळ चॅटबॉटला विचारला जातो आणि तिथे ‘हे चूक आहे’ म्हणून खाली टिप्पणी टाकणारा तिसरा माणूस नसतो. कोड सुचवणाऱ्या कोपायलटवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला दाखल झाला. मुक्त परवान्यांखालचा कोड नाव आणि परवाना गाळून पुढे दिला जातो, अशी तक्रार. न्यायाधीशांनी २०२४ पर्यंत बहुतेक दावे फेटाळले, परवान्याच्या अटी मोडल्याचा दावा मात्र शिल्लक ठेवला. आणि मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार जाहीर केला, तेव्हा काही जुन्या सभासदांनी रागाने आपली उत्तरे पुसायला घेतली. मंचाने ती पूर्ववत केली आणि त्यांची खाती काही दिवसांसाठी गोठवली. श्रेयनिर्देशाच्या अटीचे काय, असे ते विचारत होते. हा प्रश्न मात्र कुणी विषयाबाहेरचा म्हणून बंद करू शकले नाही, कारण तो मंचाच्या कारभारावर बोलण्यासाठी ठेवलेल्या दालनात विचारला गेला होता.